देवस्थानाची स्मरणिका आणि शाळेचा वार्षिकांक, दोन्ही नियतकालिकंच का?

नाही. मंदिराला 50 वर्षं झाली म्हणून काढलेली स्मरणिका एकदाच निघते, ते पुस्तकच. शाळेचा वार्षिकांक मात्र त्याच नावाने दरवर्षी निघतो, त्यामुळे तो नियतकालिक. पानं किती, जाहिराती किती, याला महत्त्व नाही; पुढचा अंक येणार आहे का, एवढंच पाहायचं. दिवाळी अंकही याच घरातला. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला काढला, तोही मुळात मासिकाचा खास अंक होता. नियतकालिकाला आयएसएसएन हा ओळख क्रमांक मिळतो आणि तो अंकागणिक बदलत नाही. पुस्तकाचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, मात्र प्रत्येक पुस्तकाला वेगळा. वार्षिकीला दोन्ही असू शकतात, म्हणून गोंधळ होतो.

आपल्या गोव्यात नियतकालिकांचा वारसा जुना आहे: ‘गझेता द गोवा’ हे पोर्तुगीज साप्ताहिक 1821 सालचं. म्हणून कळकळीची विनंती, घरातले जुने वार्षिकांक रद्दीत घालू नका. गावातली नाटकं, शिक्षकांची नावं, मुलांच्या पहिल्या कविता बहुतेकदा तिथेच छापलेल्या असतात, दुसरीकडे कुठेच नाहीत. टाकण्याआधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात ते हवे आहेत का, विचारून पाहा. अंकावर वर्ष छापलेलं नसेल तर पेन्सिलीने लिहून ठेवा.