ट्रेनिंगमध्ये खेळ एक पुरे, टीमचा अडलेला प्रश्न घ्या

आठ जणांच्या टीमचे तुम्ही नुकतेच लीड झालात, कंपनी दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग देतेय आणि ट्रेनरने पाठवलेलं वेळापत्रक खेळांनीच भरलंय. यातून टीम एकत्र बसून प्रश्न सोडवायला शिकेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या खेळांनी नाही शिकणार. मी बरीच वर्षं अशी सत्रं घेतोय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

खेळांशी माझं वैर नाही. चंद्रावर अडकलेल्या अंतराळवीरांचा जुना सराव मी अजून वापरतो. यान तळापासून दूर उतरलंय, हाताशी 15 वस्तू आहेत, त्यांचा महत्त्वानुसार क्रम लावायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने, मग सगळ्यांनी मिळून, आणि शेवटी नासाच्या उत्तराशी ताडायचं. एका बॅचमध्ये एकीने काडेपेटी तळाला टाकली होती. बरोबरच होतं, तिथे हवाच नाही तर काडी पेटणार कशी! पण चर्चा सुरू होताच त्यांचे मॅनेजर म्हणाले, ‘‘आग पेटवायला काडेपेटी तर हवीच.’’ काडेपेटी पाचव्या नंबरावर गेली आणि ती गप्प राहिली. नंतर विचारलं तर म्हणाली, ‘‘सर इतक्या खात्रीने बोलले, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.’’ मॅनेजर काही हुकूमशहा नव्हते हो. फक्त सगळ्यांत आधी बोलले.

माझ्या मते लीडने शिकायची मुख्य गोष्ट हीच: एकालाच ठाऊक असलेली माहिती टेबलावर कशी आणायची. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये यावर प्रयोग केला होता. उमेदवारांची माहिती गटातल्या सदस्यांमध्ये अशी वाटली, की सगळ्यांचे तुकडे जोडले तरच सरस उमेदवार कळावा. गट मात्र सर्वांना आधीच माहीत असलेल्या मुद्द्यांवरच घोळत राहिले आणि बहुतेकांनी भलताच उमेदवार निवडला. आपल्या मीटिंगा आठवून बघा.

म्हणून पहिल्या दिवशी असा एकच सराव ठेवा आणि त्याला लागला तेवढाच वेळ नंतरच्या चर्चेला द्या. अमेरिकी लष्करात सरावानंतर चार प्रश्न विचारतात: काय व्हायचं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. तेच वापरा. फक्त ‘कोणामुळे झालं’ हा पाचवा प्रश्न हळूच आत शिरतो, तो ट्रेनरने तिथल्या तिथे अडवायला हवा.

दुसरा दिवस टीमच्या खऱ्याखुऱ्या अडलेल्या प्रश्नाला द्या. ज्याचे धागे तीन-चार जणांच्या हातात आहेत असा निवडा, उदाहरणार्थ तेच काम दर वेळी शेवटच्या टप्प्यावर का परत येतं. पगार, बढती असले विषय नकोत. ते ना तुमच्या हातात, ना टीमच्या. आधी पंधरा मिनिटं कोणीही न बोलता प्रत्येकाने कारणं कागदावर लिहायची. हे पोरकट वाटेल, पण एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसून जास्त कल्पना काढतात, हे 1958 पासून वारंवार दिसलंय. एक जण बोलत असताना बाकीचे ताटकळतात आणि डोक्यातलं निसटतं, हे त्यामागचं मोठं कारण. मग कागद वाचायचे, सर्वांत नवख्यापासून सुरुवात. तुमचा कागद शेवटी. मान डोलावणं, भुवया उंचावणं हेही तोवर बंद. (मला हे जमायला दोनेक वर्षं गेली, अजूनही अधूनमधून घसरतो.)

ट्रेनरला आत्ताच विचारा, प्रत्येक खेळानंतर चर्चेला किती वेळ धरलाय? दहा मिनिटं म्हणाला तर एकच खेळ ठेवून बाकीचे कापायला सांगा. आणि तुमचे वरिष्ठ ‘सहज डोकावायला’ येणार असतील, तर त्यांना पहिल्या दिवशी बोलवा. दुसऱ्या दिवशी ते नकोत.