हायपोथॅलॅमस शरीरात नेमके काय काम करतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, ‘हायपोथॅलॅमस तापमान, भूक आणि तहान यांचे नियंत्रण करतो’ एवढे एकच वाक्य पाठ्यपुस्तकात सापडते, पण हे नियंत्रण म्हणजे प्रत्यक्षात काय, आणि पिट्युटरीला सर्व ग्रंथींची प्रमुख म्हणत असतील तर हायपोथॅलॅमसची वेगळी गरज कशासाठी? मी परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हाच प्रश्न मला वर्गात दरवर्षी विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हायपोथॅलॅमस, म्हणजे मराठी परिभाषेतला अधश्चेतक, मेंदूच्या तळाशी, पिट्युटरीच्या अगदी वर असतो आणि एका बारीक देठाने तिला जोडलेला असतो. सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅमच्या मेंदूत त्याचे वजन जेमतेम ४ ग्रॅम भरते. शरीरात तापमान, क्षार, पाणी, ऊर्जा किती असावी याची पातळी तो धरून ठेवतो आणि त्या पातळीपासून शरीर ढळले की चेतातंतू, संप्रेरके (हार्मोन्स) आणि माणसाचे वागणे अशा तिन्ही वाटांनी ते परत आणतो. यातला वागण्याचा भाग पुस्तकात सहसा सुटतो.

थंडी वाजून ताप आलेला रुग्ण आठवा. त्याच्या कपाळाला हात लावावा तर चटका बसतो, आणि तो मात्र दात वाजवत ‘अजून एक पांघरूण घाला’ म्हणत असतो. जंतुसंसर्ग झाला की प्रतिकारपेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होते आणि त्याच्या परिणामाने हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातली तापमानाची पातळी ३७ अंश सेल्सिअसवरून, समजा, ३९.५ वर सरकते. आता ३८ अंशांवरचे शरीरसुद्धा त्याच्या लेखी गारठलेले ठरते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून हातपाय गार पडतात, स्नायूंना हुडहुडी भरते आणि माणूस पांघरूण ओढून घेतो. पॅरासिटामॉलने प्रोस्टाग्लँडिन कमी झाले की पातळी खाली येते, तेच शरीर आता जास्त तापलेले ठरते आणि दरदरून घाम फुटून ताप उतरतो.

उष्माघाताची गोष्ट मात्र याच्या अगदी उलट आहे, आणि हा फरक प्रत्येकाला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात राबणाऱ्या माणसाच्या हायपोथॅलॅमसमधली पातळी ३७ चीच असते. शरीराला आतली उष्णता बाहेर टाकणेच अशक्य होते. अंग ४० अंशांच्या वर तापते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. येथे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, कारण खाली आणण्याजोगी वाढलेली पातळीच नसते. रुग्णाला सावलीत आणून, अंगावर गार पाणी ओतत आणि वारा घालत ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते.

पिट्युटरीच्या प्रश्नाचे उत्तर गोठ्यात सापडते. धार काढण्यापूर्वी वासराला सोडतात, ते ढुशा देते आणि गाय पान्हावते. दूध कासेत आधीच तयार असते, पण वासराच्या स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूतून हायपोथॅलॅमसपर्यंत जाईपर्यंत ते पुरते खाली उतरत नाही. तिथल्या मोठ्या चेतापेशी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक बनवतात. त्यांचे तंतू देठातून पिट्युटरीच्या मागच्या भागात उतरलेले असतात आणि तेथून ते रक्तात सोडले जाते. दुधाच्या पिशव्यांभोवतालच्या पेशी त्याने आकुंचन पावल्या की पान्हा फुटतो. म्हणजे पिट्युटरीचा हा मागचा भाग स्वतः संप्रेरक तयार करतच नाही.

प्रसूतीनंतरच्या कक्षात मी हे अनेकदा पाहिले आहे. एक पहिलटकरीण रडवेली होऊन बसली होती आणि भोवतीच्या बायका ‘हिला दूधच नाही’ असे तिच्यासमोरच बोलत होत्या. आम्ही नातेवाइकांना बाहेर बसवले, पडदा ओढला आणि बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवले. काही वेळाने बाळ एका बाजूला चोखत असताना दुसऱ्या बाजूनेही दूध ठिबकू लागले. भीती, वेदना आणि काळजी यांनी पान्हा अडतो. उलट, शेजारच्या खोलीतून आलेल्या बाळाच्या रडण्यानेही तो फुटू शकतो.

पिट्युटरीचा पुढचा भाग मात्र स्वतःची संप्रेरके बनवतो, पण ती केव्हा आणि किती सोडायची याचे आदेश त्याला देठातल्या रक्तवाहिन्यांतून हायपोथॅलॅमसकडून येतात. थायरॉइड, ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल, वयात येणे, मासिक पाळी या साऱ्यांची सुरुवात तिथे होते. रॉजर गिमँ यांनी मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या लाखो मेंदूंमधून हे आदेश देणारे रेणू वेगळे काढले, म्हणून त्यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

भुकेच्या संशोधनात एका भारतीयाचे नाव आवर्जून घ्यायला हवे. डॉ. बालकृष्ण आनंद यांनी १९५१ मध्ये येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर दाखवून दिले की, उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंचा एक लहानसा भाग नष्ट केला तर समोर अन्न असूनही ते खाणे सोडतात. पुढे आनंद यांनी दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाचे नेतृत्व केले. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले, आणि शरीरात साठा किती आहे हे हायपोथॅलॅमसला कसे कळते याचा उलगडा होऊ लागला. भूक आवरणे हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही, हे लठ्ठ माणसाला बोल लावणाऱ्यांनी समजून घ्यावे.

आता तहान. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी हायपोथॅलॅमसला ती जाणवते. मग तो व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडून मूत्रपिंडाला पाणी राखायला लावतो, लघवी गडद होते, आणि तहान लावून माणसाला पाण्याकडे पाठवतो. हे व्हॅसोप्रेसिन तयार झाले नाही तर दिवसाला दहा-दहा लिटर लघवी होऊ शकते. डायबेटिस इन्सिपिडस या त्या आजाराच्या नावात डायबेटिस असले तरी साखरेशी त्याचा संबंध नाही. उतारवयात ही तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून उन्हाळ्यात मी आईला ‘तहान लागली का’ असे विचारत नाही. सकाळी तिच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवते आणि दुपारी त्यात किती पाणी उरले आहे ते पाहते.