वॉर्डात पाठवण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

नर्सिंगच्या मुलींना सांस्कृतिक सुरक्षितता शिकवायचा विषय तुझ्याकडे आला, फार बरं वाटलं. तू पाठवलेल्या स्लाइड्स पाहिल्या. ‘गोंड, माडिया, कोरकू : चालीरीती व समजुती’ हा सगळा भाग काढून टाक. चालीरीती पाठ केलेली मुलगी पेशंटकडे बघत नाही, पाठांतराकडे बघते.

ही कल्पना न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरी नर्सेसची. १९८८ मध्ये एका बैठकीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, की कायद्याची, नीतीची सुरक्षितता शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? त्यांच्यातल्याच एक नर्स-शिक्षिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी तो प्रश्न लावून धरला आणि काही वर्षांतच तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं तो शिक्षणात आणला. त्यात तपासायचं असतं ते नर्सचं मन आणि तिच्या हातातली सत्ता. सेवा सुरक्षित होती की नव्हती, हे सेवा घेणारा ठरवतो.

आपल्याकडे सुरुवात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासून कर. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट येतात. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा झटका येतो तेव्हा, विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं असह्य दुखतात, आणि वरून बहुतेकदा काहीच दिसत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘नाटक करतोय’, ‘इंजेक्शनची सवय लागलीय.’ विदर्भात हा आजार आदिवासी, दलित आणि काही ओबीसी समाजांत जास्त आहे. त्यामुळे त्या अविश्वासात जात नकळत मिसळते, आणि वेदनाशामक उशिरा मिळतं. मुलींना विचार : कुणी कळवळला की तुमचा लगेच विश्वास बसतो, कुणाचा बसत नाही? उत्तर चिठ्ठीवर, नाव न घालता. त्या चिठ्ठ्यांवर दोन तास गेले तरी जाऊ दे.

जात-जमात विचारायची वेळ आली तर आधी कारण सांगायचं, आणि आवाज खाली. लग्नाच्या वयाची मुलगी ‘एएस’, म्हणजे सिकलसेलची वाहक, आहे हे अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं, तर तिचं ठरत आलेलं लग्न मोडू शकतं.

एमबीबीएसला २०१९ पासून ‘एटकॉम’ (वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा भाग) आहे, फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही आहे. चांगलंच आहे. पण अस्खलित मराठीतही माणसाला हिडीसफिडीस करता येतं.

तुझ्या वर्गाकडेही बघ. ‘कॅटेगरी कोणती?’ हा प्रश्न होस्टेलमध्ये पहिल्याच रात्री विचारला जातो. जिला स्वतःच्या बाकावर सुरक्षित वाटत नाही, तिच्याकडून पेशंटच्या सुरक्षिततेची अपेक्षा कशी करायची? गोंडी येणाऱ्या मुलीला प्रत्येक वॉर्डातून दुभाषी म्हणून हाक मारतात. आधी तिला विचार. ती हो म्हणाली, तर ते तास तिच्या पोस्टिंगमध्ये धर.

परीक्षेत व्याख्या विचारू नकोस. वॉर्डातल्या पाच-सहा पेशंटना, युनिफॉर्ममध्ये नसलेल्या कुणीतरी, त्यांच्या भाषेत विचारावं : या सिस्टरला पुन्हा काही सांगावंसं वाटेल का? गुण त्यावर. सिनियर कुरकुर करतील, पेशंटला काय कळतं म्हणतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, पहिल्या तासालाच त्यांना मागच्या बाकावर बसव आणि चिठ्ठी त्यांच्याही हातात दे.

तास झाला की फोन कर. चिठ्ठ्यांत काय निघालं ते ऐकायचंय.

तुझी,
बाई