जमिनीखालचा जुना तांब्याचा पाइप गळू लागला आहे. तेवढाच भाग दुरुस्त करावा की संपूर्ण पाइप बदलावा?

आपण लिहिले आहे की पाइप सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पुरलेला आहे, खणल्यावर एकाच ठिकाणी टाचणीने टोचल्यासारखे छिद्र दिसले, आणि तेवढ्यावर क्लॅम्प (पाइपाभोवती आवळायची पट्टी) आवळून खड्डा बुजवून टाकावा असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. माझे मत याच्या उलट आहे. खड्डा उघडा आहे तोवर गळका भाग वीतभर लांबीचा कापून बाहेर काढावा, आणि पुढे काय करायचे ते तो तुकडा नीट पाहिल्यावरच ठरवावे. मी स्वतः घाईने क्लॅम्प लावून माती लोटली होती आणि चार महिन्यांनी त्या जागेपासून हातभर अंतरावर पुन्हा खणत बसलो होतो, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

गळती किरकोळ असल्याने काही महिने थांबले तर चालेल का, असेही आपण विचारले आहे. पाण्याचा दाब ४ बार (बार हे दाबाचे एकक) असेल तर १ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून साधारण ०.८ लिटर पाणी दर मिनिटाला, म्हणजे दिवसाला हजार लिटरहून अधिक पाणी जमिनीत जाते. भिंतीच्या पायाजवळची माती हे पाणी फार काळ निमूटपणे सोसत नाही, त्यामुळे थांबू नये.

पाइप कापण्यापूर्वी एका गोष्टीची खातरजमा अवश्य करावी. पुष्कळ जुन्या घरांमध्ये विजेचे अर्थिंग जमिनीतल्या धातूच्या पाण्याच्या पाइपालाच जोडलेले असते. अशा पाइपाचे दोन भाग केले आणि दोन्ही टोके दोन हातांत धरली, तर मधला दुवा आपले शरीर बनते. आपल्या घराचा मेन स्विच बंद असला तरी पुरेसे नाही, कारण शेजारच्या घरातूनही धातूच्या पाइपावाटे प्रवाह येऊ शकतो. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, आणि कापण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या आवळून जाड तांब्याच्या तारेने पाइप आधीच जोडून ठेवावा. काम पूर्ण होईपर्यंत ती तार काढू नये. पुढे मध्येच प्लॅस्टिकचा पाइप घालायचा ठरला, तर अर्थिंगचा तो मार्ग कायमचा तुटतो आणि घरासाठी स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे लागते. पाण्याचे काम करणाऱ्याला ही गोष्ट सहसा आठवत नाही.

आता कापलेल्या तुकड्याकडे येऊ. तो करवतीने उभा चिरून दोन पन्हळी करा, आणि छिद्र कोणत्या बाजूला रुंद आहे ते पाहा. बाहेरून रुंद आणि आत निमुळते होत गेलेले छिद्र असेल, किंवा बाहेरचा पृष्ठभाग खडबडीत होऊन पाइप पातळ झालेला असेल, तर दोष मातीत आहे. साध्या मातीत तांबे अनेक दशके टिकते, परंतु भरावात कोळशाची राख किंवा जळके खडे असतील, माती खारट असेल, अथवा जवळपास जनावरांचा गोठा, खताचा साठा किंवा झिरपणारे सांडपाणी असेल, तर गंधकाची संयुगे, क्षार आणि अमोनिया तांब्याला बाहेरून खातात. कधी कधी कारण त्याहूनही साधे असते: एखादा टोकदार दगड वर्षानुवर्षे त्याच जागी घासत राहिलेला असतो.

याउलट छिद्र आतून रुंद असेल आणि आतल्या पृष्ठभागावर हिरवट खपल्यांची लहान लहान वारुळे दिसत असतील, तर टोकदार साधनाने त्यांपैकी दोन-चार खरवडून पाहा. प्रत्येक खपलीखाली खड्डा निघाला, तर दोष पाण्याच्या गुणधर्मांशी आणि पाइपाच्या आतल्या थराशी निगडित आहे आणि आज फुटलेले छिद्र हे अनेकांपैकी केवळ पहिले आहे. माझ्या तुकड्यात बोटभर लांबीत असे पाच खड्डे होते, आणि त्यांतल्या एकाच्या तळाशी पापुद्र्याएवढेच तांबे उरले होते. तिसरी शक्यता अशी की खपल्या नसतात, पण धातू लखलखीत दिसतो आणि त्यावर प्रवाहाच्या दिशेने घोड्याच्या नालेसारखे खळगे पडलेले असतात. ही पाण्याच्या अतिवेगाने झालेली झीज असते, आणि ती बहुधा कोपराच्या (वळण देणाऱ्या जोडाच्या) पुढे किंवा कापलेल्या कडेचा आतला कंगोरा न घासता केलेल्या जोडापुढे आढळते. थंड पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटरच्या आत ठेवावा, असा तांब्याच्या पाइपांबाबतचा सर्वमान्य संकेत आहे.

मातीचा किंवा दगडाचा दोष असेल, तर पाइप खराब झाला आहे तेवढा भाग बदलून, भोवती स्वच्छ वाळू भरून प्रश्न खरोखर सुटतो. वेगाने झीज झाली असेल, तर तो कोपर आणि त्यापुढचा थोडा पाइप बदलावा, आणि दाब फार असल्यास तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा. आतले खड्डे असतील, तर आजची दुरुस्ती ही केवळ मुदत वाढवून घेणे आहे असे समजून नवीन पाइपाची आखणी सुरू करावी. शक्य असेल तर तो जमिनीखालून न नेता भिंतीवरून किंवा छताखालून न्यावा.

जोडकामात सर्वांत जास्त फसगत मापाची होते. जुने पाइप इंचाच्या मापातले आणि आजचे पुष्कळसे जोड मिलिमीटरमध्ये असतात, आणि नाव सारखे वाटले तरी माप सारखे नसते. अमेरिकी पद्धतीच्या अर्धा इंची तांब्याच्या पाइपाचा बाहेरील व्यास १५.९ मिलिमीटर असतो. त्यावर १५ मिलिमीटरचा जोड चढतच नाही. म्हणून व्हर्नियरने (व्यास अचूक मोजणाऱ्या साधनाने) बाहेरील व्यास मोजावा, तोही दोन दिशांनी, कारण मऊ पाइप मातीच्या भाराखाली किंचित लंबगोल झालेला असतो आणि तो आधी गोल करून घ्यावा लागतो. दोन्ही टोके हलत नसल्याने आत अडसर नसलेली, पाइपावर पूर्ण सरकणारी कपलिंगे (दोन पाइपांची टोके जोडणाऱ्या आखूड नळ्या) दोन घ्यावीत. नवीन तुकडा मध्ये बसवून ती जागेवर सरकवावीत.

आच देऊन जोडायचे असेल, तर जमिनीखाली साध्या सोल्डरपेक्षा (कमी तापमानाला वितळणाऱ्या जोडधातूपेक्षा) ब्रेझिंग, म्हणजे अधिक तापमानाला वितळणाऱ्या धातूच्या कांडीने केलेला जोड, मजबूत ठरते. पाण्याच्या पाइपांचे साधे सोल्डर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आत वितळते, तर ब्रेझिंगच्या तांबे-फॉस्फरस कांडीला ६५० ते ८०० अंशांच्या आसपास तापमान लागते. साधे सोल्डर वापरणार असाल, तर ते शिसेविरहितच हवे. मात्र दोन्ही पद्धतींमध्ये पाइप आतून कोरडा असणे अत्यावश्यक आहे. आत पाणी उरलेले असेल तर ते उकळत राहते, तेथला धातू १०० अंशांच्या फारसा वर जात नाही आणि सोल्डर नुसते गोळे होऊन खाली पडते. घरातील सर्वांत खालचा व सर्वांत वरचा नळ उघडून पाणी निथळू द्यावे आणि तरीही थेंब येत राहिला तर आच देण्याचा हट्ट सोडावा. जुने मेन व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, हे मी गॅसचा अर्धा डबा संपवून शिकलो.

अशा वेळी पितळी कॉम्प्रेशन जोड वापरावा. त्यातली कडी नटाच्या दाबाने पाइपाला घट्ट बिलगते आणि आच लागत नाही. नट हाताने बसेल तितका बसवून पुढे पान्ह्याने साधारण एक फेरा द्यावा. अधिक आवळल्यास कडी आणि पाइप दोन्ही चेपतात. हा जोड थेट मातीत गाडू नये. त्याभोवती झाकण असलेला छोटा चौकोनी कप्पा बांधावा, म्हणजे नट कधी ढिला झाल्यास पुन्हा खणावे लागणार नाही.

जोड पूर्ण झाल्यावर पूर्ण दाबाने पाणी सोडून खड्डा किमान एक दिवस उघडा ठेवावा. जोड पुसून त्यावर कोरडा कागद गुंडाळावा, रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा टिपावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. दोन्ही आकडे सारखे असतील तरच पाइपाच्या खाली-वर चाळलेल्या वाळूचा वीतभर थर देऊन माती लोटावी. त्यापूर्वी नवीन जोडांचे भिंतीपासूनचे अंतर आणि खोली मोजून, टेप दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे. पाणी वापरण्याआधी नळाच्या तोंडाची जाळी काढून काही मिनिटे धार सोडावी, कारण सोल्डरचे कण आणि फ्लक्स (आच देण्यापूर्वी जोडाला लावलेला लेप) प्रथम तेथेच येऊन अडकतात.