१३७ नव्हे, १२९

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा साताऱ्यात मी स्वतःच चालवते. वडील १९९८ साली वारले. युक्तिवादात, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे असं सांगणाऱ्या ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या निकालाचा परिच्छेद १३७ सांगितला, पण मी जोडलेल्या प्रतीत तो मजकूर त्या क्रमांकावर नव्हताच. भावाचे वकील हसले. साहेबांनी पुढची तारीख दिली. आता काय करू?

उत्तर : ताई, निकालही खरा, मजकूरही खरा. क्रमांक तुम्ही घेतलात एससीसीतला (‘सुप्रीम कोर्ट केसेस’, ही निकाल छापणारी खासगी मालिका) आणि प्रत जोडलीत सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरची. ११ ऑगस्ट २०२० चा हा निकाल (२०२०) ९ एससीसी १ असा छापलाय, आणि ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या दुसऱ्या मालिकेत एआयआर २०२० एससी ३७१७ असाही. एससीसीवाले परिच्छेदांना स्वतःचे क्रमांक घालतात. त्यांच्याकडे निष्कर्ष १३७ वर येतो, मूळ निकालपत्रात १२९ वर. वकीलसुद्धा इथे फसतात, मीही एकदा फसलोय.

पुढच्या तारखेला एकच प्रत ठरवा आणि क्रमांक त्याच प्रतीतले सांगा. एक झेरॉक्स कोर्टासाठी, एक भावाच्या वकिलांसाठी. १२९ शेजारी पेन्सिलीने रेघ ओढा. यादीत पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि दोन्ही साइटेशन, म्हणजे निकाल कुठे छापलाय ते संदर्भ, लिहा. एखाद्या साहेबांना छापील पुस्तकातलीच प्रत हवी असते, तर ती द्या, हुज्जत घालू नका. उच्च न्यायालयात गेलात तर न्यूट्रल साइटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांकही घाला. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या क्रमांकात ‘आयएनएससी’ असतं, मुंबईच्या क्रमांकात ‘बीएचसी’ आणि पुढे शाखेची खूण.

भावाचे वकील बहुधा ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’, (२०१६) २ एससीसी ३६, काढतील : मुलींना हा हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात हवेत, असं त्यात होतं. साइटेशन बिनचूक असेल, पण तेवढं मत २०२० साली मोडीत निघालंय आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे तुमच्या १२९ मध्येच लिहिलंय. तेवढंच शांतपणे वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल, तर हा निकाल ते उलटवत नाही. भावाने ‘तोंडी वाटप झालं होतं’ म्हटलं, तर परिच्छेद १२९ चाच शेवटचा भाग उघडा : सरकारी कागदांचा आधार नसेल, तर नुसत्या तोंडी वाटपावर विसंबता येत नाही.