क्विल्टची नक्षी मातीवर उतरवताना

अगं, पहिल्याच टाइलवर फुलं-पानं नकोत. १८६०च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालेला ‘लॉग केबिन’ हा क्विल्टचा, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीचा, नमुना घे. मधला लाल चौकोन म्हणजे घरातली चूल. भोवती पट्ट्या, अर्ध्या फिक्या, अर्ध्या गडद. सगळा खेळ त्या उजेड-सावलीचा, त्यामुळे मोजक्या रंगांत भागतं.

माती चामड्यासारखी घट्ट झाली की रेषा कोर, मग अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझच्या काचेसारख्या थराखाली द्यायचा रंग, भर. ओलसर मातीत कडा फाटतात. माझ्या पहिल्या सहा टाइल्स अशाच गेल्या. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची माती) सुकून-भाजून साधारण १२ टक्के आकसतं. तयार टाइल १५ सेंटिमीटर हवी असेल तर कागदी नमुना १७चा काप. वरून पारदर्शक ग्लेझच दे. लाल मात्र आधी फुटक्या तुकड्यावर भाजून बघ, तो फार दगा देतो.