५८ व्या वर्षी लातूरमधून निवृत्त झाल्यावर कायमचे गावी राहायला जावे का?

कायमचे लगेच जाऊ नका. पहिले वर्षभर लातूरचे घर तसेच ठेवून दसऱ्यापासून होळीपर्यंत गावी आणि उन्हाळ्यात शहरात, असे राहून पाहा. कोषागारात निवृत्तिवेतनाचे काम करताना उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम हाती येताच शहरातले घर विकून गावी बांधकाम काढणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत बोअर आटून टँकरची वाट पाहायची वेळ आली की त्यांतले काही पुन्हा भाड्याच्या घरात परतले. गावचे खरे सुख रब्बीच्या दिवसांत आहे. वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या शेतीच्या सणाला, शेतात कडब्याची कोपी (खोप), पूजेनंतर भज्जी (मिश्र भाजी), बाजरीचे उंडे आणि माठातले आंबील, पुढे पौषात ज्वारीचा हुरडा. नोकरीत एका सुटीत घाईने उरकलेले हे सगळे आता मनसोक्त अनुभवता येईल, आणि ते अवश्य अनुभवावे. जाण्यायेण्याची अडचण नाही: एसटीत पत्नीला निम्मे तिकीट आहे, तुम्हाला ती सवलत ६५ नंतर आणि मोफत प्रवास ७५ नंतर मिळेल. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखलाही 'जीवन प्रमाण' या सरकारी ऑनलाइन सेवेद्वारे गावातून देता येतो. मात्र दोघांपैकी कोणाला हृदयविकार असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर मुक्काम शहरातच ठेवून गावी फक्त सणावारी जावे.